‘औदुंबर’च्या आठ ओळी आणि ‘असला’ हा शब्द : कवितेच्या बांधणीतून अर्थ कसा घडतो?

पिंपळपान · रविवार, सकाळी ९.१५

नमस्कार मंडळी.

माझी भाची यंदा दहावीला आहे. संध्याकाळी क्लास सुटला की कोथरूडला माझ्याकडे मराठीचा अभ्यास घेऊन येते. परवा तिने एका कवितेचं रसग्रहण दाखवलं. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे तीन परिच्छेद, अक्षर मोत्यासारखं. त्यात एक वाक्य होतं : ‘यमक साधल्यामुळे कवितेला नादमाधुर्य प्राप्त झाले आहे.’ मी विचारलं, कुठलं यमक? आणि ते काढून टाकलं तर काय बिघडेल? ती अगदी सरळपणे म्हणाली, “मावशी, हे वाक्य सगळ्याच कवितांना चालतं.”

ते ऐकून मला फार वाईट वाटलं. तिच्याबद्दल नाही. मीही तिच्या वयाची असताना हेच वाक्य लिहून गुण मिळवले होते, आणि कविता म्हणजे काय हे कळायला पुढे कितीतरी वर्षं गेली.

म्हणून मी तिला म्हटलं, एकच कविता घेऊ आणि तिच्याजवळ महिनाभर बसू. बालकवींची ‘औदुंबर’ निवडली. आठच ओळी. बहुतेकांना पाठ असेल.

*ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन*
*निळासावळा झरा वाहतो बेटाबेटांतुन*

मग चार घरांचं गाव, शेतमळ्यांची गर्दी, त्यांतून निघालेली पांढरी पायवाट, काळा डोह आणि शेवटी :

*झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर*
*पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर*

वाचून झाल्यावर भाचीने विचारलं, “मावशी, ‘असला’ म्हणजे काय? ‘असला कसला माणूस’मधला असला? की ‘बसला असला पाहिजे’मधला?” मला उत्तर देता आलं नाही. दोन्ही अर्थ लागतात, आणि दोन्हींत झाड वेगळं दिसतं. पहिल्यात ते समोर आहे आणि कवी थक्क होऊन बोट दाखवतोय. दुसऱ्यात ते दिसतच नाही, कवी आठवून किंवा अंदाजाने बोलतोय.

तर या धाग्यात दोन गोष्टी हव्या आहेत. एक, या ‘असला’चं काय करायचं. दुसरी, कडवं, ओळ, यमक, प्रतिमा या गोष्टी अर्थ *घडवतात* कशा, हे दहावीच्या मुलीला दाखवता येईल अशी उदाहरणं. व्याख्या नकोत, त्या तिला पाठ आहेत.

---

शनिवारपेठ · रविवार, सकाळी ११.०५

पिंपळपान ताई, धागा वाचून फार बरं वाटलं. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं आणि ‘असला’शी दर वर्षी अडखळलो. त्याच्याकडे येण्याआधी मुलीला एक करायला सांगा. बोटांवर मात्रा मोजायला सांगा.

हे हल्ली मागे पडलं आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. अनुस्वार असेल तर दोन. जोडाक्षराच्या आधीच्या ऱ्हस्व अक्षरावर आघात येत असेल तर त्याच्याही दोन, नसेल तर एकच. ‘पुष्प’ म्हणताना ‘पु’वर जोर येतो, तिथे दोन. ‘हिरव्या’ म्हणताना ‘र’वर जोर येत नाही, तिथे एक. पुस्तकात बघायचं नाही, तोंडाने म्हणून बघायचं.

आता पहिली ओळ :

ऐल तटावर (८) । पैल तटावर (८) । हिरवाळी घेऊन (११)

पहिले दोन तुकडे अगदी सारखे. मात्रा सारख्या, अक्षरं सारखी, फरक फक्त ‘ऐल’ आणि ‘पैल’मधला. दोन काठ समोरासमोर ठेवले आहेत आणि वाचणारा मधून चालला आहे. झरा दुसऱ्या ओळीत येतो, पण त्याचे दोन्ही काठ पहिल्या ओळीतच बांधून झाले आहेत. ‘झऱ्याच्या दोन्ही बाजूंना हिरवळ होती’ असं गद्यात लिहा. माहिती तीच राहते, काठ मात्र नाहीसे होतात.

हे सगळं मी माधव जूलियनांच्या ‘छंदोरचने’वरून शिकलो. आपल्या पुण्याचाच माणूस म्हणायचा. फर्ग्युसनमध्ये फारसी शिकवायचे, कवींचं रविकिरण मंडळही इथलंच. त्यांनी मराठीतली वृत्तं अशी मोजून, ताडून मांडली की अजून त्याला तोड नाही. अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत कधी प्रत दिसली तर सोडू नका.

यमक जोडीजोडीने आहे हेही तिला दाखवा. चार जोड्या. पहिली पाण्याची, दुसरी गावाची, तिसरी वाटेची, चौथी झाडाची. प्रत्येक जोडीत एक गोष्ट पुरी होते. मधे रिकामी ओळ सोडलेली नसली तरी कडवी आहेतच.

---

वाचनवेडा · रविवार, दुपारी १.३०

सरांबद्दल आदर ठेवून थोडं वेगळं म्हणतो. मात्रा मोजायला लावल्या की मुलं कवितेपासून आणखी लांब जातात, असा माझा अनुभव आहे. शाळेत ‘य मा ता रा ज भा न स ल गं’ घोकून मी पाच वर्षं कवितेचं पुस्तक हातात घेतलं नव्हतं. प्रतिमेपासून सुरुवात करावी. ‘पाय टाकून पाण्यात बसलेलं झाड’ हे डोळ्यांसमोर आलं की बाकीचं आपोआप येतं.

शिवाय बालकवींनी हे मोजून केलं होतं का? अठ्ठावीस वर्षं पुरी व्हायच्या आत गेलेला मुलगा. त्याच्या कानात लय होती, हिशेब नव्हता.

---

शनिवारपेठ · रविवार, दुपारी २.१०

वाचनवेडा, तुमचं दुखणं मला ठाऊक आहे. त्यात शिकवणाऱ्यांचा दोष आहे, माझाही. गण घोकायला लावायचे आणि ओळ मोठ्याने म्हणूच द्यायची नाही, हे आम्ही केलं.

पण कानात लय होती म्हणूनच तर मोजायचं. कवीने मोजलं नसेल, त्याच्या कानाने मोजलं. आपला कान तेवढा तयार नाही, म्हणून आपण बोटं वापरायची.

---

टाळकरी · रविवार, रात्री ९.४०

माझं शिक्षण वाणिज्य शाखेचं, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या. पण ‘बांधणी अर्थ घडवते’ हे मला वारीत कळलं.

आषाढी वारीला आळंदीहून पालखीबरोबर पुण्यापर्यंत आणि जमलं तर दिवेघाट चढून सासवडपर्यंत चालतो. दिंडीत तुकोबांचा हा अभंग असतोच :

*सुंदर ते ध्यान / उभे विटेवरी*
*कर कटावरी / ठेवोनिया*

मोजून बघा. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. ‘विटेवरी’ आणि ‘कटावरी’ यांचं यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात. चौथा चरण दोन अक्षरांनी तोकडा आणि यमकाशिवाय. गाताना ती मोकळी जागा टाळ भरून काढतात. हजार माणसं ‘ठेवोनिया’ म्हणून थांबतात, टाळ वाजतो, आणि त्या थांबण्यात ती मूर्ती उभी असते. दुसरं कसं सांगू मला कळत नाही.

आणखी एक. ‘ठेवोनिया’ म्हणजे ठेवून. ‘ठेवून काय केलं’ हे पुढे येतच नाही. वाक्य तिथेच उभं राहतं. विठ्ठलही तसाच, कमरेवर हात ठेवून, पुढे काही न करता उभा.

माझी आजी म्हणायची की हा अभंग म्हणजे नजरेचा प्रवास आहे. आधी वीट, मग कमरेवरचे हात, गळ्यातली तुळस, कासेचा पीतांबर, कानातली कुंडलं, कंठातला मणी, आणि अगदी शेवटी ‘पाहीन श्रीमुख आवडीने’. मुख सगळ्यांत शेवटी. आणि क्रियापद बघा : *पाहीन*. पाहतो नाही, पाहिलं नाही. म्हणजे इतकं सगळं सांगून झालं तरी मुख अजून बघायचं राहिलंच आहे! म्हणून दर वर्षी जायचं.

---

जांभळी_संध्याकाळ · रविवार, रात्री १०.२०

टाळकरी दादा, ‘पाहीन’बद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून अंगावर काटा आला. हा अभंग कितीदा ऐकलाय, भविष्यकाळ कधी कानावर पडलाच नव्हता.

---

तापीकाठचा · सोमवार, सकाळी ८.००

हिंजवडीला जाताना बसमध्ये वाचतोय. आमच्या बहिणाबाईंशिवाय हा धागा पुरा होणार नाही.

*अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर*
*आधी हाताला चटके, तव्हा मियते भाकर*

आठ-आठ अक्षरांचे चार तुकडे. सगळे म्हणतात की तव्याची उपमा किती घरगुती, किती साधी. मला त्यापेक्षा तुकड्यांची शेवटची अक्षरं महत्त्वाची वाटतात. संसार, चुल्ह्यावर, भाकर. तिन्ही ‘र’वर टेकतात. मधला ‘चटके’ तेवढा एकटा. तीन शब्द एका घरातले आणि एक बाहेरचा. ऐकताना तो कानाला लागतो, जसा चटका हाताला लागतो.

आणि ‘आधी’, ‘तव्हा’ हे दोन शब्द तुकड्यांच्या तोंडाशी. भाकर सगळ्यांत शेवटी येते. स्वयंपाकघरातही शेवटीच येते.

‘मियते’ला कुणी ‘मिळते’ करू नका. घरी माझी आई असंच बोलते.

---

निळी_शाई · सोमवार, दुपारी १२.४५

मी मुक्तछंदात लिहिते, म्हणून त्या बाजूने दोन शब्द. मुक्तछंदात मात्रा नाहीत, यमक नाही, तर मग बांधणी कुठे असते? ओळ कुठे तोडली यात.

पिंपळपान ताई, भाचीला हे दाखवा. हे मी आत्ताच रचलंय, कविता म्हणून नाही, नमुना म्हणून.

*बाबा घरी आले नाहीत*
*म्हणून आई जागी*

आणि आता तेच शब्द, त्याच क्रमाने :

*बाबा घरी आले*
*नाहीत म्हणून आई जागी*

एकही शब्द बदललेला नाही. पण दुसऱ्या वेळी ओळीच्या टोकाशी ‘आले’ म्हणताना दार वाजल्यासारखं होतं, आणि डोळा खाली उतरला की ‘नाहीत’. आई रात्रभर जे करते आहे तेच वाचणाऱ्याकडून त्या एका क्षणात होतं. चाहूल, आणि मग कुणी नाही.

हे मराठीत जमतं कारण आपला नकार क्रियापदाच्या नंतर येतो. आपलं वाक्य शेवटच्या शब्दापर्यंत फिरू शकतं. म्हणून मराठीत लिहिणाऱ्याने ओळ तोडताना फार जपून तोडायला हवी. उगाच तीन-तीन शब्दांवर ओळी तोडलेल्या कविता वाचल्या की मला खरंच त्रास होतो. तिथे तोडल्याने काहीच होत नाही, नुसती जागा जाते.

---

वाचनवेडा · सोमवार, दुपारी ३.१५

निळी_शाई, हे उदाहरण मी घरी सगळ्यांना वाचून दाखवलं. काल मी प्रतिमेपासून सुरुवात करा म्हणालो होतो. इथे तर प्रतिमा एकही नाही, तरी आई दिसते. माझं म्हणणं मी थोडं मागे घेतो.

पण प्रतिमेबद्दल लिहायचंच आहे. ‘औदुंबर’मधले रंग काढून ओळीने मांडून बघितले. पहिली ओळ हिरवी. दुसरी निळीसावळी. तिसरीत, गावाच्या ओळीत, रंगच नाही. चौथी हिरवी. पाचवी पांढरी. सहावी हिरव्यात सुरू होऊन काळ्यात संपते. सातवी काळिमा. आठवीत पुन्हा रंग नाही, तिथे झाड.

म्हणजे निळ्यासावळ्यात जो ‘सावळा’ आहे तो दुसऱ्या ओळीपासूनच काळ्याच्या दिशेने चालला आहे. पांढरा रंग फक्त वाटेला, एकदाच. ती पांढरी रेघ आपल्याला धरून डोहापर्यंत नेते आणि तिथे संपते. लहानपणी मला ही कविता निसर्गवर्णन म्हणून शिकवली. आता वाटतं की माणसांचं गाव मागे टाकून एकट्याने खोल कुठेतरी जाण्याची ती कविता आहे. ‘गोड काळिमा’ म्हणताना भीतीही वाटत नाही, हवंहवंसं वाटतं. कसं ते सांगता येत नाही.

---

शनिवारपेठ · सोमवार, सायंकाळी ६.३०

फार चांगलं वाचलंत. यात एक जोडतो. नजर दुरून जवळ येते. टेकडीकडचं गाव लांब, शेतं त्याच्या पुढे, वाट अजून अलीकडे, डोह पायाशी. आणि ज्या झाडाचं नाव कवितेच्या माथ्यावर आहे ते अख्ख्या कवितेत कुठेच नाही, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत. वाचणारा सात ओळी त्या झाडाची वाट बघतो आणि आपण वाट बघतोय हे त्याला ठाऊकही नसतं. शीर्षक हासुद्धा बांधणीचाच भाग आहे.

---

मुळशीकर · सोमवार, रात्री ८.५०

जात्यावरच्या ओवीचा कुणीच विषय काढला नाही, म्हणून लिहितो. आमच्या मुळशी-मावळातल्या बायकांच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून जमवल्या. पुढे राज्यभरातल्या मिळून त्या लाखाच्या वर गेल्या.

माझ्या आजीला त्या येत होत्या. पण जात्यापासून उठवून ‘म्हण बरं’ म्हटलं की तिला आठवायच्या नाहीत. हात फिरायला लागला की यायच्या. ओवी छोटी का, एक विचार संपला की दुसरी ओवी का, याचं उत्तर त्या हातात होतं.

---

जांभळी_संध्याकाळ · सोमवार, रात्री ११.५५

सगळे झोपले असाल, पण मला आत्ताच लिहायचंय.

सरांनी सांगितलं तसं मी आठही ओळी मोजत बसले. सगळ्या सरांच्या मापात बसतात, आठ, आठ आणि मग अकरा. काही ओळींच्या शेवटी एक मात्रा कमी भरते, ती म्हणताना लांबवली जाते. आठावर दर वेळी शब्द पुरा होतो. चार घरांचे । गाव चिमुकले । पैल टेकडीकडे. शेतमळ्यांची । दाट लागली । हिरवी गरदी पुढे. शेताचे बांध घातल्यासारखं.

मग पाचवी ओळ आली :

*पायवाट पांढरी तयांतुन अडवीतिडवी पडे*

पायवाट म्हणजे सहा. आठ भरायला दोन हव्यात. त्या ‘पां’मध्ये भरतात. म्हणजे थांबा येतो तो ‘पांढरी’ या शब्दाच्या मधोमध! पायवाट पां । ढरी तयांतुन. मी चार वेळा मोजलं. बेरीज बरोबर सत्तावीस, पण शब्द मात्र थांब्यावरून वाकडा होऊन पलीकडे जातो.

सहाव्या ओळीतही तसंच. ‘हिरव्या कुरणां’वर आठ भरतात आणि शब्दाचं शेपूट पुढच्या तुकड्यात जातं. सातवी-आठवी पुन्हा सरळ.

म्हणजे आठ ओळींत फक्त दोन ओळींत थांबा शब्दाला कापतो, आणि त्या दोन ओळी अडव्यातिडव्या पायवाटेच्या आहेत. वाट डोहाशी पोचली की ओळ पुन्हा शांत.

सर, हे मी उगाच तर बघत नाही ना?

---

शनिवारपेठ · मंगळवार, पहाटे ५.४०

उगाच नाही. मी पहाटेच उठून पुन्हा मोजलं. बरोबर आहे तुमचं.

इतकी वर्षं ही कविता शिकवली, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्या ओळीशी आलो की माझी चाल दर वेळी किंचित बदलायची, एवढंच जाणवायचं. कारण तुम्ही दिलंत. पर्वतीला फिरायला जातो तिथे आज पूर्ण वेळ हीच ओळ म्हणत जाणार आहे.

---

वाचनवेडा · मंगळवार, सकाळी ९.२०

जांभळी_संध्याकाळ, दंडवत. मोजण्याबद्दल मी जे बोललो ते पूर्ण मागे.

या निमित्ताने मर्ढेकरांची उंदरांची कविता आठवली. ‘पिपांत मेले ओल्या उंदिर’. मोजली. चार-चार मात्रांचे चार तुकडे, सोळा. ही तर मुलांच्या गाण्याची चाल! मेलेल्या उंदरांबद्दल, जबरदस्तीने जगण्या-मरण्याबद्दल बोलायचं आणि चाल अंगणात उड्या मारण्याची. कवितेची भीती तिथेच आहे. त्यात ‘ओल्या’ शब्द ‘पिपांत’पासून तोडून लांब टाकलाय. ओल्या पिपात, पण ओळीत तो ‘मेले’च्या पलीकडे पडलाय, उंदरांच्या अंगाला चिकटल्यासारखा. मुक्तछंदात लिहिलं असतं तर एवढं अंगावर आलं नसतं, असं माझं मत आहे.

---

निळी_शाई · मंगळवार, सकाळी १०.१०

शेवटचं वाक्य सोडून सगळं पटलं. मुक्तछंदाला कमी लेखू नका. :)

आणि केवळ दिसण्यातूनही अर्थ घडतो. अरुण कोलटकरांची ‘जेजुरी’ मूळ इंग्रजीत, १९७६ सालची. त्यात जेजुरीचं देऊळ आणि रेल्वे स्टेशन यांच्यामधल्या शेतात कोंबड्या नाचताना दिसतात, आणि पानावर शब्द वर-खाली उडालेले छापले आहेत. वाचायचं कुठून हेच कळत नाही. डोळे नाचतात. देवळात जे भेटलं नाही ते त्या शेतात भेटलं असं काहीतरी ते पान म्हणतं, एकही मोठा शब्द न वापरता. पुण्याहून गाडीने जेजुरीला जाणाऱ्यांनी परतताना ते पान उघडावं.

---

जोंधळा · मंगळवार, दुपारी १.००

‘सुनीत’ म्हणजे सॉनेट, त्याबद्दल एक छोटी भर. केशवसुतांनी इंग्रजीतून मराठीत आणलेला चौदा ओळींचा प्रकार. पहिल्या आठ ओळींत विचार एका दिशेने जातो आणि नवव्या ओळीशी वळतो. भाचीला एखादं सुनीत द्या आणि फक्त वळण शोधायला सांगा. ‘पण’, ‘परंतु’, ‘तरी’ असा शब्द बहुधा तिथे सापडतो. सापडला नाही तर अजून मजा.

---

पिंपळपान · शुक्रवार, रात्री ९.३०

उत्तर द्यायला उशीर झाला, क्षमस्व. भाचीची चाचणी होती.

तुमचे सगळे प्रतिसाद तिच्याबरोबर बसून वाचले. टाळकरी दादांचं ‘पाहीन’ तिने वहीत लिहून घेतलं. निळी_शाईंच्या दोन ओळी तिने वर्गात मैत्रिणींना फळ्यावर लिहून दाखवल्या, म्हणे. तापीकाठच्या दादांच्या ‘चटके’वर तिचं मत असं की तो शब्द ‘चट’ असा आवाज करतो, म्हणूनही लागतो.

आता ‘असला’. मी काहीच सुचवलं नव्हतं. जांभळी_संध्याकाळ यांची पाचवी ओळ वाचल्यावर ती स्वतःच शेवटची ओळ बोटांवर मोजायला लागली.

पाय टाकुनी, आठ. जळात बसला, आठ. आणि थांबली. मग म्हणाली, “मावशी, थांबा ‘बसला’नंतर आहे.”

पाय टाकुनी । जळात बसला । असला औदुंबर.

तिचं म्हणणं असं. नुसतं वाक्य बघितलं तर ‘बसला असला’ जोडून वाचता येतं. पण ओळ ते जोडून वाचू देत नाही. ‘बसला’ थांब्याच्या अलीकडे राहतो, ‘असला’ पलीकडे जाऊन औदुंबराला चिकटतो. म्हणून ‘असला औदुंबर!’

---

शनिवारपेठ · शुक्रवार, रात्री १०.०५

ताई, तिला माझे आशीर्वाद सांगा. मी वर्गात दोन्ही अर्थ सांगून ‘तुम्हाला जो पटेल तो घ्या’ म्हणून पुढे जायचो. आता तसं म्हणता येणार नाही.

---

वाचनवेडा · शुक्रवार, रात्री १०.३०

मला पटलं, पण दुसरा अर्थ पुसून टाकू नये. ‘बसला’ आणि ‘असला’ शेजारी आहेत, दोघांचं आतलं यमक आहे. थांब्याने तोडलेलं कानाने पुन्हा जोडलं जातंच. ओळ म्हणते, झाड समोर आहे. नाद म्हणतो, असेल कदाचित. त्या डोहावर काळोख आहे, नक्की दिसत नाही, हेही खरं ना?

---

पिंपळपान · शुक्रवार, रात्री ११.००

वाचनवेडा, तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प बसली. मग दोनदा ओळ मोठ्याने म्हणाली, एकदा थांबून, एकदा न थांबता.

“थांबलं की झाड दिसतं,” ती म्हणाली. “नाही थांबलं की नुसतं पाणी.”

हे तिने रसग्रहणात लिहिलंय. गुण किती मिळतील माहीत नाही. उद्या वही परत येईल तेव्हा इथे कळवते. जोंधळा, तुम्ही सांगितलेलं वळण शोधायला आता ती केशवसुतांची सुनीतं मागतेय. कुठल्यापासून सुरुवात करू?